युगांडातल्या खेड्यात राहताना घरातलं कोणी आजारी पडलं तर उपचारांचं काय करायचं?

तुमच्या मिस्टरांना युगांडात साखर कारखान्यात नोकरी लागली आहे, गाव जिंजापासून बरंच आत आहे, बरोबर चार वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. कोणी आजारी पडलं तर कंपालाला पळायचं की सरळ भारतात यायचं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही त्याच भागात, म्हणजे जिंजाच्या आसपासच्या बुसोगात राहतो. माझे यजमान कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत आणि मुलगा इथेच वाढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताप असेल तर आधी कंपाला नाही आणि भारत तर नाहीच. आधी जवळचं केंद्र, तिथे रक्ताची तपासणी, गरज पडली तर तिथेच पहिलं इंजेक्शन, आणि मग पुढचा प्रवास. आपल्या लोकांचा कल नेमका उलटा असतो. मोठं हॉस्पिटल, ओळखीचा भारतीय डॉक्टर, तिथेच जाऊ म्हणतात. जिंजा ते कंपाला अंतर जेमतेम ८० किलोमीटर आहे, पण मोंबासाहून येणारे सगळे ट्रक त्याच रस्त्याने जातात. माबिराच्या जंगलात गाड्यांची रांग लागली की संध्याकाळ तिथेच जाते. तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन त्या रांगेत बसायची वेळ कोणावर येऊ नये.

एवढं का सांगते, तर इथला मलेरिया बहुतांशी फॅल्सिपेरम या सगळ्यात धोकादायक जातीचा असतो. लहान मुलात तो एका दिवसात मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कारखान्यातले स्थानिक सहकारी सांगतील, 'मलेरियाच तर आहे, गोळ्या घ्या, दोन दिवसांत बरं वाटेल.' ते खोटं बोलत नाहीत. लहानपणापासून वारंवार मलेरिया होऊन मोठ्या माणसांत काहीशी प्रतिकारशक्ती आलेली असते. तुमच्या मुलीत ती नाही, सासूबाईंत नाही आणि तुमच्यातही नाही. त्यांचा अनुभव आपल्याला लागू करायचा नाही. ताप आला की त्याच दिवशी तपासणी, मग रात्र असो की रविवार.

इथली सरकारी व्यवस्था पायऱ्यांची आहे. हेल्थ सेंटर दोन, तीन, चार, मग जिल्ह्याचं हॉस्पिटल, आणि आपल्या भागासाठी वर जिंजाचं रेफरल हॉस्पिटल. तीन नंबरच्या केंद्रात बहुधा डॉक्टर नसतो, क्लिनिकल ऑफिसर असतो. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेला माणूस म्हणून नाक मुरडू नका. त्याने एका पावसाळ्यात जेवढा मलेरिया पाहिलेला असतो तेवढा आपल्याकडच्या कित्येक एमडींनी आयुष्यात पाहिलेला नसतो. सरकारी केंद्रांतली फी २००१ मध्ये बंद झाली, पण औषधं संपलेली असणं नेहमीचंच. मग चिठ्ठी घेऊन समोरच्या दुकानातून आणायची.

म्हणून पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच, सगळे ठणठणीत असताना, आसपासची केंद्रं फिरून या आणि विचारा: रात्री कोण असतं? मायक्रोस्कोप चालू आहे का? गंभीर मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन शिल्लक आहे का? ऑक्सिजन आहे का? रक्त कुठून येतं? मिशनची हॉस्पिटलंही बघून ठेवा. आमच्या भागात बुलुबाचं आहे, कामुलीचं आहे. पैसे घेतात, पण आमचा भरवसा तिथेच जास्त. ओळखीच्या गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहा. ॲम्ब्युलन्स मिळाली तरी डिझेलचे पैसे बऱ्याचदा नातेवाइकांनाच भरावे लागतात, तेव्हा मोबाइल मनीमध्ये थोडी रक्कम कायम असू द्या.

आमच्या मुलाला रात्री ताप चढला तेव्हा आम्ही तीन नंबरच्या केंद्रात गेलो. वीज नव्हती. नर्सबाईंनी मोबाइलच्या उजेडात बोटातून थेंब घेतला आणि मलेरिया तपासायच्या पट्टीवर दुसरी रेघ (म्हणजे मलेरिया आहे) उमटेपर्यंत त्याच्या अंगावरून ओलं फडकं फिरवत राहिल्या. मग विचारलं, वही आणलीत का? इथे केसपेपर म्हणजे शाळेची साधी वही. ती आपण विकत घ्यायची, आपणच सांभाळायची आणि प्रत्येक दवाखान्यात न्यायची. आमच्या वहीवर जिराफाचं चित्र आहे आणि आत मुलाच्या सगळ्या तापांची नोंद आहे: तारीख, वजन, रक्तात जंतू किती त्याच्या अधिकच्या खुणा, दिलेलं औषध. घरातल्या प्रत्येकाची वेगळी वही करा, पहिल्या पानावर रक्तगट आणि ॲलर्जी लिहा. वजन तर हवंच, डोस त्यावरच ठरतो.

पट्टीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. मलेरिया बरा झाल्यावरही ती पट्टी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. पंधरा दिवसांत पुन्हा ताप आला तर काचेवर रक्त घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायलाच सांगा. खासगी क्लिनिकात विडाल नावाची टायफॉइडची रक्ततपासणी करून 'मलेरिया प्लस टायफॉइड' असंही सर्रास सांगतात. तेवढ्यावर टायफॉइड मानू नका.

गोळ्या दिल्या तर साध्या मलेरियाचा कोर्स तीन दिवसांत सहा डोसांचा असतो, दुसरा डोस आठ तासांनी. दूध किंवा काही स्निग्ध खाऊन द्यायच्या, नाहीतर नीट शोषल्या जात नाहीत. तासाभरात उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा लागतो. पण मूल गुंगीत असेल, झटका आला, काही पोटात ठरत नसेल, धाप लागली, तळवे पांढरे पडले किंवा लघवी काळपट झाली, तर गोळ्यांवर थांबू नका. तिथे आर्टेसुनेटचं इंजेक्शनच हवं: पहिलं लगेच, मग बारा आणि चोवीस तासांनी. पहिलं टोचून घ्या आणि मगच गाडीत बसा.

पुण्याच्या सीरममध्ये बनणारी मलेरियाची लस युगांडाने एप्रिल २०२५ पासून बाळांना द्यायला सुरुवात केली, याचा मला फार आनंद आहे. तिचे डोस सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत असतात, त्यामुळे तुमच्या मुलीचं वय उलटून गेलंय. तिच्यासाठी मच्छरदाणी, रोज.

सासूबाईंचं मात्र निघायच्या आधीच बघा. इथे यायला यलो फीव्हरची लस लागते, आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना तिचा धोका थोडा जास्त असतो. त्यांच्या डॉक्टरांशी नीट बोला. इन्सुलिन घेत असतील तर पुरेसा साठा आणा, खेड्यात हवं ते मिळेलच असं नाही. वीज जाते तेव्हा आम्ही ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात औषधं ठेवतो. त्यांना ॲडमिट करावं लागलं तर चोवीस तास घरचं माणूस लागेल. जेवण, चादर, धुणं सगळं आपल्याकडे असतं. शेजारच्या खाटेवरच्या बायका न सांगता मदत करतात, तुम्हीही करा.

आणि सुट्टीवर गावी आल्यावर कोणाला ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: आम्ही आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची तपासणी आजच करा. परतल्याला महिना झाला असला तरी सांगा. व्हायरल म्हणून घरी पाठवत असतील तर स्वतः लॅबमध्ये जाऊन रक्त द्या.