शेओल : कढई कुठे आहे?

प्रश्न : हिब्रू बायबलातल्या ‘शेओल’ला, म्हणजे मेलेले जातात त्या जागेला, मराठीत ‘नरक’ म्हटलेलं चालेल का?

नाही चालणार, आणि कृपा करून हे थांबवा. नरक म्हटलं की आपल्याला चित्रगुप्ताची वही नि उकळत्या तेलाची कढई दिसते. शेओलात दोन्ही नाहीत. अंधार, धूळ, शांतता. राजा नि गुलाम शेजारी शेजारी. मराठी बायबलातला ‘अधोलोक’ पुष्कळ बरा. जाळच हवा असेल तर ‘गे-हिन्नोम’ घ्या. ही यरुशलेमजवळची दरी. अरबीतून आलेला आपला ‘जहन्नम’ तो हाच. (तिथे शहराचा कचरा जळायचा, ही गोष्ट बाराव्या-तेराव्या शतकातल्या दाविद किमखी या यहुदी भाष्यकाराआधी कुणी सांगितलेली सापडत नाही. तरी सगळे डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात.)

खरी मौज व्युत्पत्तीत आहे. शीन-आलेफ-लामेद ही तीन हिब्रू अक्षरं, धातू ‘शाअल’ : विचारणे, मागणे. याच धातूचं अरबी भावंड ‘सुआल’, म्हणजे आपला सवाल. तमाशातल्या सवाल-जवाबातला! शेओल म्हणजे मेलेल्यांना सवाल टाकायची जागा, असं माझं ठाम मत. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात निषिद्ध ठरवलेला माणूस कोण? ‘शोएल ओव’, भुतांना विचारणारा. धातू तोच.

आता बायबलातलंच ‘१ शमुवेल’, अध्याय २८ उघडा. इस्राएलच्या शौल राजाच्या नावाचा अर्थ ‘मागितलेला’, आणि स्वरचिन्हं काढली की ‘शौल’ नि ‘शेओल’ हुबेहूब एक. तो देवाला विचारतो. स्वप्नातून, उरीमातून (याजकाकरवी घ्यायचा देवाचा कौल), संदेष्ट्यांकडून, कुठूनच उत्तर नाही. मग वेष पालटून एन-दोर गावच्या भुतं बोलावणाऱ्या बाईकडे जातो, मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला खालून वर आणवतो. म्हातारा वैतागून म्हणतो काय, तर मला का विचारतोस? पुन्हा शाअल! लिहिणाऱ्याला हा खेळ कळत नव्हता, असं कुणी मला सांगू नये.

हिब्रू कोशकार लुडविग कोलरच्या (Köhler) पंथातले विद्वान म्हणतात, धातू ‘शाआ’, ओसाड होणे, आणि शेवटचा ल हा प्रत्यय. घरचा ल सोडून उसना कशाला आणायचा?

हां, नरकाचं राहिलंच. शमुवेल शौलाला बजावतो, उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याबरोबर असाल. नाकारलेला राजा आणि देवाचा माणूस, मुक्काम एकच. आता सांगा, कढई कुठे ठेवणार?