आरती येते, मग माझं नाव का नाही?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात उचलत नाही. आपण बोललेलं त्यांना कळतं, पण स्वतः बोलायला गेले की 'ते... ते...' एवढंच. गणपतीत मात्र चाळीच्या आरतीला उभे राहिले आणि अख्खी आरती न अडखळता म्हणाले! आत्या म्हणते, ते मुद्दाम बोलत नाहीत. खरं काय?
– एक वाचक, काळाचौकी

उत्तर : ताई, आत्यांना आजच सांगा, बाबा मुद्दाम गप्प नाहीत. वाचोपचार, म्हणजे स्पीच थेरपी, करताना हा आरोप मी कितीतरी घरांत ऐकला. दरवेळी जीव तुटतो, कारण ज्याच्यावर तो होतो त्यालाच उत्तर देता येत नाही.

झटका मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्ध्यात आला असणार. उजवं अंग तोच हलवतो, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ साली फक्त 'तान' म्हणू शकणारा एक रुग्ण आला. तो वारल्यावर मेंदू पाहिला, तर डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला. बोलणं जुळवण्याची जागा ती. ऐकलेलं समजण्याची जागा आणखी मागे, कानाच्या बाजूला. बाबांची ती बरीच वाचलेली दिसते.

आरतीचं वेगळं आहे. तिच्यात वाक्य नव्याने जुळवावं लागत नाही, शब्द लहानपणापासून घोटलेले असतात. शिवाय सुराचं बरंचसं काम उजवा अर्धा करतो. माझ्याकडे बेस्टचे एक निवृत्त कंडक्टर येत. बायकोचं नाव ओठांवर येत नसे, पण मी 'दादर टीटी' म्हटलं की ते लगेच 'हिंदमाता, परळ, लालबाग'! बाई पदराने डोळे पुसायच्या.

बाबा आरतीला तोल सावरून उभे राहिले, म्हणजे डोक्याच्या मागचा लहान मेंदू ठीक असावा. श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळतो तो मस्तिष्कस्तंभ, त्याच्या पुढ्यात.

आता 'पा-णी ह-वं' असं सुरात म्हणा आणि बाबांना डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायला लावा. सगळ्यांनाच याचा सारखा गुण येत नाही, म्हणून वाचोपचारतज्ज्ञाकडूनच शिकून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, तिथे चौकशी करा. उशीर करू नका, सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त होते.

आणि घरी 'चहा की दूध?' विचारलंत, तर दोन्ही कप समोर ठेवा. बाबा बोट दाखवेपर्यंत कुणीही मध्ये बोलायचं नाही, आत्यांनीसुद्धा.