"आजीला आधी वाचू द्या"

"मॅडम, पाठवली ती मुलगी वेगळी आणि परत आली ती वेगळी." आई खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. वडील शेजारी गप्प बसून मोबाइलचं कव्हर काढत होते, घालत होते.

ठाण्यातल्या नौपाड्यात माझं समुपदेशन केंद्र आहे. तिथे शाळांच्या परदेशी एक्स्चेंजला जाणाऱ्या मुलांचे पालक दोन वेळा येतात. जाण्याआधी "पाठवू का?" म्हणून आणि परत आल्यावर "हे काय झालं?" म्हणून. दुसरा प्रश्न जास्त दुखरा असतो, म्हणून हा अनुभव लिहिते आहे. कुटुंबाला विचारलं आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगी पंधरा वर्षांची. नववीची परीक्षा झाल्यावर २०२४ च्या एप्रिलमध्ये ती जर्मनीतल्या एका लहान गावी गेली. तिथल्या कुटुंबात राहिली, त्यांच्या मुलीबरोबर शाळेत गेली आणि जूनअखेर परतली. तिथे असतानाच ९ जूनला युरोपीय संसदेची निवडणूक झाली. जर्मनीत त्या निवडणुकीत सोळा वर्षांच्या मुलांना पहिल्यांदाच मत देता आलं. यजमान घरातली मुलगी सोळाची होती. जेवणाच्या टेबलावर आठवडाभर पक्षांची पत्रकं पसरलेली असायची आणि आईबाप-मुलीचं एकमत काही व्हायचं नाही. त्याआधी २० मेला ठाण्यात लोकसभेचं मतदान झालं होतं. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर हिने विचारलं, "बाबा, बोटावरची शाई दाखवा ना." बाबांना दाखवता आली नाही. सोमवारची सुट्टी लागून आल्यामुळे ते गावी गेले होते.

"तेव्हापासून माझी उलटतपासणीच चालू आहे," वडील म्हणाले.

पण माझ्याकडे येण्याचं कारण पुढचं होतं. त्यांच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास होणार आहे. घर वडिलांच्या आणि आजीच्या नावावर. सोसायटीचे सेक्रेटरी संमतीपत्र घेऊन आले, वडिलांनी सही केली आणि कागद आजीपुढे सरकवला. आजीने पेन हातात घेतलं, तेवढ्यात मुलीने कागद उचलला. "आजीला आधी वाचू द्या. तिला कुणी विचारलंय का?" चारचौघांत झालेला तो पाणउतारा वडिलांना इतका लागला की दहा दिवस ते मुलीशी बोलले नव्हते.

पुढच्या वेळी मुलगी एकटी आली आणि पहिली वीस मिनिटं रडली. "सगळं जिथल्या तिथे आहे. माझी खोली, माझं कपाट. मीच कुठे बसू कळत नाहीये." हे मी पुष्कळ मुलांकडून ऐकलं आहे. गुलाहॉर्न या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने १९६३ मध्येच मांडलं होतं की परदेशातून परतलेल्या माणसाला स्वतःच्या घरातही नव्याने रुळावं लागतं. मनाचा आलेख डब्ल्यू अक्षरासारखा दोनदा खाली जातो, एकदा तिकडे आणि एकदा इकडे. जाताना आपण मुलांची किती तयारी करून घेतो! येताना विमानतळावर हार घालतो आणि सोमवारी क्लासला पाठवतो.

मग तिने तिथल्या वर्गसभेबद्दल सांगितलं. जर्मन शाळांमध्ये तिला 'क्लासनराट' म्हणतात. आठवड्यातून एक तास बाकं भिंतीला लावायची आणि खुर्च्या गोल मांडायच्या. आठवडाभर कुणीही चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, तेच सभेचे विषय. एक मुलगा सभा चालवणार, एक इतिवृत्त लिहिणार, एक वेळ पाहणार. शिक्षिकाही त्याच गोलात बसणार आणि बोलायचं तर हात वर करणार. एका आठवड्यात विषय होता, "आमच्या गावातला रस्ता कोण ठरवतं?" हिला विचारलं, तुमच्याकडे कोण ठरवतं? हिला सांगता येईना. रात्री शोधलं तेव्हा कळलं की ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, तेव्हापासून प्रशासक कारभार बघत होते आणि आपल्या प्रभागाला नगरसेवकच नव्हता. "मला इतकी लाज वाटली. नगरसेवक नव्हता याची नाही, मला माहीतच नव्हतं याची."

मी विचारलं, "सभेत तू कुणाच्या बोलण्यात मध्येच घुसलीस तर?"

"वेळ पाहणारा थांबवायचा. एकदा वेळ पाहायला मीच होते. माझ्या मैत्रिणीलाच थांबवावं लागलं, फार जिवावर आलं होतं."

"आणि सेक्रेटरी काका बसले होते त्या दिवशी?"

ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माझी पाळी नव्हती."

माझ्या अनुभवात घोडं इथेच अडतं. मुलं तिकडून दोन गोष्टी शिकून येतात, बोलायचं कसं आणि थांबायचं कसं. बोलणं सामानासोबत लगेच घरी पोचतं. थांबणं मागे राहतं, कारण त्याला गोल मांडलेल्या खुर्च्या लागतात, आणि घरात त्या कुणी मांडलेल्या नसतात. आपल्याला मग फक्त आगाऊपणा दिसतो. तो दाबला की मूल गप्प होतं आणि आपण म्हणतो, झाली बाई पूर्वीसारखी. मला त्या गप्प होण्याची जास्त काळजी वाटते.

वडिलांनी मात्र रोखठोक विचारलं, "लोकशाही शिकायला परदेशी कशाला जायचं? आपल्याकडे नाही का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ज्या देशात ती गेली त्याने हे फार मोठी किंमत मोजून शिकलंय. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीनदा लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने १९६३ मध्ये मैत्रीकरार केला आणि त्याच वर्षी दोन्हीकडच्या तरुणांना एकमेकांकडे पाठवायला खास संस्था काढली. राजकीय शिक्षणाच्या जर्मन अभ्यासकांच्या १९७६ मधल्या बॉयटल्सबाख गावातल्या बैठकीतून निघालेलं सूत्रही सांगितलं. विद्यार्थ्यावर आपलं मत लादायचं नाही, आणि समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचं. वडील थोडं थांबून म्हणाले, "आमच्या वडिलांपुढे आम्ही मान वर केली नाही. मला वाटलं, ती मला अडाणी ठरवतेय." एवढं बोलायला त्यांना तीन बैठका लागल्या होत्या.

मी एकच काम दिलं. रविवारी पोह्यांनंतर अर्धा तास, चौघं गोल बसायचं, बिस्किटांचा रिकामा डबा ही पेटी. पहिल्या सभेचं अध्यक्षपद आजीकडे, घड्याळ आणि इतिवृत्ताची वही मुलीकडे.

पहिल्याच रविवारी डब्यातून आजीची चिठ्ठी निघाली. तिला पुनर्विकासाला हरकत नव्हतीच. मुलाने भाड्याचं घर घोडबंदर रोडला कासारवडवलीला बघून ठेवलं होतं, कारण तिथे भाडं कमी. आजी चाळीस वर्षं रोज सकाळी कौपिनेश्वराच्या देवळात चालत जाते. "तिथून कशी जाऊ? आणि तेवढ्यात काही झालं तर परक्या गावातून नेणार मला?" घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, कागद उचलणाऱ्या मुलीलाही. तिने आजीसाठी भांडण केलं होतं, पण आजीला तिनेही विचारलं नव्हतं. इतिवृत्तात तिने ते स्वतःच्या हाताने लिहिलं.

आजीने सही केली. भाड्याचं घर आता जवळच्या चरईत शोधताहेत, भाडं जास्त पडेल म्हणून खर्चाची वही चौघांनी मिळून बघितली. सगळं गोडीगुलाबीत झालं असं समजू नका. नव्या घरात स्वतंत्र खोलीची मुलीची मागणी तीन विरुद्ध एकने पडली, तेव्हा तिने दार आपटलं आणि दोन रविवार ती सभेला बसली नाही.

तुमचं मूल असं परत आलं असेल तर पहिले दोन-तीन महिने निष्कर्ष काढू नका. तिकडे काय पाहिलं हे सगळेच विचारतात, तिकडे कोणते नियम पाळावे लागले हेही विचारा. पाठवण्याआधी आयोजकांना विचारा की परतल्यावर मुलांसोबत काही बैठका घेता का, आणि तिकडचं मूल आपल्याकडे राहायला येतं का. दोन्ही बाजूंनी जाणं-येणं असेल तर पाहुणचार करताना आपलंही घर नव्याने दिसतं.

ऑक्टोबरच्या शालेय सुट्टीत ती जर्मन मुलगी ठाण्याला यायची होती. त्याच्या आठवडाभर आधी वडिलांचा फोन आला. तिला मासुंदा तलाव दाखवायचा, आजीच्या हातचे मोदक खाऊ घालायचे हे सभेत ठरलं होतं. त्यांची अडचण वेगळी होती. "मॅडम, ती आल्यावर मला हमखास विचारणार, तुमच्या भागातला रस्ता कोण ठरवतं? आमचा प्रभाग कुठून कुठपर्यंत आहे, हे नकाशावर कुठे बघायला मिळेल?"