आपल्या पत्रात मुलाचे एकच वाक्य आहे

(सोलापूरच्या एका पालकांचे पत्र : टेक्स्टाइलची पदवी घेतलेला मुलगा 8 महिन्यांपासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात शिकाऊ सुपरवायझर आहे. 'कम्युनिकेशन कमी पडते' असा शेरा मिळाला. इंग्रजी संभाषणाचा क्लास लावावा, की नोकरी सोडायला लावून एमबीए-सीईटीला बसवावे?)

स. न. वि. वि.

आपल्या चार पानांत चिरंजीवांचे म्हणून एकच वाक्य येते : 'जॉबर सांगतात ते कळलं असं वाटतं, पण माल निघाल्यावर समजतं की त्यांनी वेगळंच सांगितलं होतं.' (जॉबर म्हणजे मागांची देखभाल करणारे अनुभवी कारागीर.) पुढच्याच ओळीत 'त्याला आत्मविश्वासच नाही' असा निकाल देऊन आपण मोकळे झाला आहात. मला काळजी वाटते ती या ओळीची. मुलाने दुखणे नेमके सांगितले होते. आपण ते ऐकले नाही.

कम्युनिकेशन म्हणजे फाडफाड इंग्रजी, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. तेलुगू वळणाची मराठी बोलणारे जॉबर, घरी कन्नड बोलणारे कामगार आणि हिंदीतून फोन करणारे व्यापारी यांच्यामध्ये जो मुलगा दिवसभर उभा असतो, त्याचे तिथे इंग्रजीने काय सुटणार? मागांच्या खडखडाटात 450 जीएसएमचे (टॉवेलचे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) 550 ऐकू आले, तर अख्खा लॉट अंगावर येतो. म्हणून सूचना मिळाली की त्याने जॉबरना दाराशी, आवाज कमी असेल तिथे घेऊन जावे आणि तीच सूचना स्वतःच्या शब्दांत परत सांगावी : 'म्हणजे आधी 30 बाय 60 चे, बॉर्डर निळी, बरोबर ना?' समोरच्याचे वाक्य संपण्याआधी मनात उत्तर जुळवू नये. आकडे तिथल्या तिथे वहीत टिपावेत. न समजलेला शब्द विचारण्यात कमीपणा नाही, आणि मान डोलावणाऱ्या पदवीधरापेक्षा विचारणारा मुलगा जुन्या जॉबरना अधिक आवडतो. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये 'ॲक्टिव्ह लिसनिंग'ची, म्हणजे मन लावून ऐकण्याची, मांडणी केली, तेव्हा शब्दांइतकाच त्यांमागच्या भावनेवर भर दिला होता. जॉबर तीच गोष्ट त्रासून दुसऱ्यांदा सांगत असतील, तर तो त्राससुद्धा ऐकायचा असतो.

एमबीए-सीईटी दरवर्षी असते; दोन वर्षांच्या अनुभवानंतर दिली तरी चालेल. क्लासचे पैसे मात्र वाचवावेत.

मुलगा पाळी संपवून आला की त्याला 15 मिनिटे, मध्ये सल्ला न देता, बोलू द्यावे आणि तो काय म्हणाला ते आपण त्याला सांगून पाहावे. 'नाही बाबा, तसं नाही,' असे तो म्हणाला, तर न रागावता पुन्हा विचारावे. पुढचे पत्र त्यालाच लिहू द्यावे, ही विनंती.