ऊसगाडीच्या बैलांचे हाल थांबवायला पहिल्यांदा जाताय?

रस्त्यात गाडी अडवू नका. चढावर तर मुळीच नको, भरलेली गाडी बैलांना मागे ओढते. कारखान्याच्या गाडीतळावर जा. गाडीवानावर ओरडून काही होत नाही, त्याच्या डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, असते. "दादा, बैलांना पाणी पाजलं का?" इथून सुरुवात करा. मग जुवाखालचा खांदा बघा. तिथे जखम असताना बैल जुंपणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पराणीला (बैल हाकायच्या काठीला) आर, म्हणजे टोकदार खिळा, लावलेली असेल तर तीही चालत नाही. तापमान ३७ अंशांपुढे गेलं की दुपारी १२ ते ३ काम बंद, एरवीही दिवसाला ९ तासच. हे कारखान्याच्या शेतकी विभागाला लेखी द्या. व्हिडिओ नंतर (तो मोह आवरा), आधी पशुवैद्यकाला फोन.