एनबीए ड्राफ्टमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) २५ ते ३० क्रमांकाला कोणाला घ्यावं: चार वर्षं कॉलेज खेळलेला की १९ वर्षांचा कच्चा पोरगा?

मी डोळे झाकून कॉलेजवाला घेईन. या क्रमांकावर, म्हणजे पहिल्या फेरीच्या शेवटी, निवड करणारे संघ बहुतेक वेळा आधीच तगडे असतात, नवख्याला शिकवायला मैदानावर मिनिटं आणायची कुठून? त्यात पहिल्या फेरीच्या करारात दोनच वर्षं पक्की. तिसरं वर्ष द्यायचं की नाही हे संघाला एका मोसमानंतरच ठरवावं लागतं. एवढ्यात कच्चा आंबा पिकत नाही.

२०२० चं बघा. डेझमंड बेन, टीसीयू या विद्यापीठात चार वर्षं, तिथे तीन गुणांच्या रेषेमागून ४० टक्क्यांच्या वर नेम. तरी घसरत घसरत थेट ३० वर आला. कारण काय, तर वय जास्त आणि हात आखूड! बोस्टनने निवडला आणि मेम्फिसला देऊन टाकला. (बोस्टनचे चाहते अजून हळहळतात.) अर्थात त्याच बोस्टनने २६ वर घेतलेला पेटन प्रिचर्ड, तोही चार वर्षंवालाच, २०२५ मध्ये सर्वोत्तम सहावा खेळाडू (बाकावरून येऊन खेळणाऱ्यांतला सर्वोत्तम) ठरला. पुढे मोठा तारा झालेला, कॉलेजमधूनच आलेला जिमी बटलरही २०११ चा ३० वाच.

आता कच्च्या पोरांच्या बाजूने कोणीतरी रुडी गोबेरचं नाव काढणारच. २०१३, क्रमांक २७, पहिला मोसम बराचसा बाकावर, पुढे चार वेळा सर्वोत्तम बचावपटू. मान्य. पण सात फुटांहून उंच आणि हात त्याहून लांब, असा कोणी शिल्लक असेल तर मीही मत बदलेन. नुसती उडी चांगली आहे म्हणून नाही.