हिरव्या टिकला भुलू नकोस

अगं, नावात 'फॅक्ट चेक' आणि वर हिरवी टिक, एवढ्यावर काल तू ती लिंक पुढे पाठवलीस! तसली टिक दादर स्टेशनबाहेर स्टिकरवरही मिळते.

आधी बघ, साइट तपासते काय. खरा तपासनीस आज निवडणूक, उद्या औषध, परवा पुराचा जुना व्हिडिओ घेतो. हिच्यावर एकच पालुपद: ऑटोमन तुर्की साम्राज्यातला १९१५चा आर्मेनियन वंशसंहार झालाच नाही.

बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाचंही तेच, तोही नाकारतात. जुलै १९९५मध्ये तिथे बोस्नियन सर्ब सैन्याने सुमारे ८,००० बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले. नाकारणारे विचारतात, "मग मृतदेह कुठायत?" प्रश्न वरवर रास्त वाटतो, तिथेच आपण फसतो. पुरावा लपवायला पुरलेली प्रेतं यंत्रांनी उकरून दुसरीकडे पुरली. एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत निघाली, ओळख डीएनएने पटवावी लागली. युगोस्लावियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणाने २००१मध्ये बोस्नियन सर्ब जनरल क्रस्टिचच्या खटल्यात याला वंशसंहार ठरवलं, २००७मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही. मूळ निकाल वाच. लांबलचक आहे, पण ठाणे लोकलमध्ये रोज थोडा होतो. खिडकी मिळाली तर.

संपादक कोण, पैसा कुणाचा, चुका दुरुस्त केल्याची नोंद आहे का, हेही बघ. आणि खोडून काढताना त्यांची लिंक देऊ नकोस, स्क्रीनशॉट टाक.